आईच्या विसरण्यावर किती पावलांचा उतारा?

प्रश्न लांब होता, म्हणून आधी त्याचा गोषवारा देते. आई ७२ वर्षांच्या, औसा तालुक्यातल्या एका गावच्या, शाळा चौथीपर्यंत. दीड वर्षापूर्वी वडील गेले, गावचं घर बंद झालं आणि लेकाने आईला छत्रपती संभाजीनगरला आपल्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला, लिफ्ट आहे. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात. गेल्या सात-आठ महिन्यांपासून आई एकच गोष्ट परत परत विचारतात, दूध गॅसवर ठेवून विसरतात. लेकाने मनगटावर घड्याळ बांधून दिलं, १०,००० पावलं लावून दिली. आकडा १,२००च्या पुढे सरकत नाही. मोबाइलमधल्या कोड्यांना त्या हात लावत नाहीत. गावाकडचा भाऊ म्हणतो, "जन्मभर रानात राबली माय, आता तिला कशाचा व्यायाम लावतो?" आणि प्रश्न लिहिणाऱ्या लेकाचा, म्हणजे दादांचा, प्रश्न असा की, रोज किती पावलं चालली म्हणजे हे विसरणं थांबेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लातुरात बावीस वर्षं काम करते. विसरतात म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. खुबा मोडला, लकवा मारला, गुडघा धरला म्हणून येतात. विसरणं त्यांच्यासोबत न बोलावता आलेलं असतं. त्यामुळे मी जे सांगते ते पायाकडून डोक्याकडे जाणारं आहे. डोक्याच्या डॉक्टरचं मत वेगळं घ्या, आणि आधी घ्या.

आधी का, ते सांगते. विसरणं हे ताप आल्यासारखं आहे, त्याच्या मागे दहा कारणं असू शकतात आणि त्यातली काही चालून जात नाहीत. बी-१२ कमी असणं आपल्याकडे शाकाहारी घरांत नेहमीचं आहे, आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी कमी होतं. थायरॉइड मंद असतं. शरीरातलं सोडियम उतरलेलं असतं. साखर मधूनच फार खाली जात असते. झोपेची गोळी, लघवी आवरायची गोळी, सर्दीची जुनी गोळी, यांनीसुद्धा म्हातारं माणूस गोंधळतं. काही महिन्यांत कधी डोकं आपटलं होतं का, तेही विचारा. म्हाताऱ्या माणसाच्या कवटीत रक्त हळूहळू साचतं आणि लक्षणं आठवड्यांनी दिसतात. मोतीबिंदू आणि कान तपासा. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? आणि एक कारण तर तुम्ही स्वतःच लिहिलंय, फक्त कारण म्हणून लिहिलेलं नाही: दीड वर्षापूर्वी नवरा गेला. दुःखाने खचलेल्या माणसाचं विसरणं आणि डिमेन्शियाचं, म्हणजे मेंदूच्या आजाराने स्मरण आणि विचार हळूहळू ढासळत जाण्याचं, विसरणं वरून बघता सारखंच दिसतं.

फिजिशियनकडे जाताना कागदी चाचणीच्या गुणांवर फार भिस्त ठेवू नका. शंभरातून सात वजा करा, पंचकोन काढा, हे चौथी शिकलेल्या बाईला नीट डोकं असतानाही जमत नाही. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात न शिकलेल्या लोकांसाठी ही चाचणी हिंदीत वेगळी घडवावी लागली होती. मी माझ्यापुरतं वेगळं विचारते. औशाचा बाजार कोणत्या वारी? धाकट्या नणंदेला कोणत्या गावी दिलं? पुरणाला डाळ किती शिजवायची? चष्मा कुठे ठेवला हे विसरणं एक. भाकरी कशी थापायची हे हाताने विसरणं, किंवा रोजच्या जिन्यावर आपलं दार न ओळखणं, हे दुसरं. दुसऱ्या प्रकारचं काही दिसत असेल तर वाट पाहू नका.

हे सगळं तपासून झालंय असं धरून पुढे जाते.

१०,००० हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होता. नाव चाललं आणि आकडा जगभर पसरला. पुढे खऱ्या मोजण्या झाल्या. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ७८,००० हून जास्त लोकांच्या मनगटी यंत्रांवरून असं दिसलं की रोज साधारण ९,८०० पावलं चालणाऱ्यांत डिमेन्शिया सर्वांत कमी आढळला. पण ३,८०० पावलांच्या आसपासही धोका सुमारे पाव हिश्शाने कमी होता. म्हणजे तुमच्या आईंसाठी १,२०० वरून ३,८०० हा पल्ला मोठा आणि कामाचा आहे. दहा हजारांचं ओझं दुखत्या गुडघ्यांवर टाकायचं कारण नाही.

पण हा आकडासुद्धा जपून वापरा. जे जास्त चालतात त्यांची डोकी जास्त टिकतात, की ज्यांची डोकी शाबूत आहेत तेच जास्त चालतात? लंडनच्या सरकारी नोकरांवर २८ वर्षं चाललेल्या एका अभ्यासात असं निघालं की डिमेन्शियाचं निदान होण्याच्या नऊएक वर्षं आधीपासूनच माणसांचं हिंडणंफिरणं कमी होऊ लागतं. म्हणजे कमी चालणं हे कधी कधी रोगाचं कारण नसून त्याची पहिली खूण असते. मग प्रत्यक्ष व्यायाम करून घेतलेल्या प्रयोगांत काय दिसलं? २०११ चा अमेरिकेतला एक प्रयोग सगळ्यांना आवडतो: १२० म्हातारी माणसं, निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालवलं, निम्म्यांना नुसते अंग ताणायचे व्यायाम दिले. वर्षाने चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा भाग, २ टक्के वाढला होता, बाकीच्यांचा १.४ टक्के आकसला होता. हे मीही व्याख्यानांत सांगायचे. मग २०१५ मध्ये बसून राहणाऱ्या १,६३५ म्हाताऱ्या माणसांना दोन वर्षं व्यायाम करून घेतलेला मोठा प्रयोग आला, आणि त्यात स्मरण-विचारांच्या चाचण्यांत फरक पडला नाही. आणि डिमेन्शिया झालेल्यांना जोरकस व्यायाम दिला तेव्हा, २०१८ च्या ब्रिटिश प्रयोगात, अंगातली ताकद वाढली पण विसरणं काही थांबलं नाही.

म्हणून 'थांबेल का' याचं प्रामाणिक उत्तर: नुसत्या चालण्याने थांबेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण त्याच २०१५ मध्ये फिनलंडच्या १,२६० लोकांवरच्या प्रयोगात व्यायाम, आहार, डोक्याला काम आणि बीपी-साखरेवर लक्ष हे सगळं एकत्र दिलं, तेव्हा दोन वर्षांत फरक पडला. माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे. एकटं चालणं फारसं काही करत नाही. चालण्याला काहीतरी धरून असलं तर करतं.

यामागचं कारण समजायला अवघड नाही. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण खातो २० टक्के. त्याचं पोषण केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून होतं आणि बीपी-साखर या वाहिन्या आधी खराब करते. हातपाय चालले की दोन्ही आटोक्यात राहतात, झोप लागते, मन हलकं होतं, स्नायूंतून काही रसायनं रक्तात जाऊन मेंदूच्या पेशींना आधार देतात. आणि जे कोणतं यंत्र मोजत नाही ते म्हणजे, हिंडणाऱ्या माणसाला दिवसभरात शंभर बारीक निर्णय घ्यावे लागतात.

आता भावाकडे येते. भाऊ अर्धा बरोबर आहे. आईने जन्मभर खुरपलं, कापूस वेचला, हिरीवरून पाणी आणलं. पण शरीर ही पतसंस्था नव्हे की तरुणपणी ठेव ठेवली आणि म्हातारपणी व्याज खाल्लं. बसून राहिलं की म्हाताऱ्या मांड्यांची ताकद काही आठवड्यांत उतरते. शिवाय उन्हात वाकून दहा तास दुसऱ्याच्या रानात रोजंदारी करणं आणि आपल्या मर्जीने अर्धा तास भरभर चालणं, दोन्हींत घाम येतो म्हणून दोन्ही एकच होत नाहीत. नॉर्वेतल्या एका पाहणीत तर असं दिसलं की ज्यांनी आयुष्यभर अंगमेहनतीची नोकरी केली त्यांच्यात म्हातारपणी डिमेन्शिया जास्तच होता. त्यामागे शिक्षण, पगार, विश्रांती असं पुष्कळ काही असेल. पण 'राबली म्हणजे झालं' असं नाही, हे नक्की.

भाऊ जिथे बरोबर आहे ते असं: आईला व्यायाम लावायचा नाहीये. तिच्याकडून जे काढून घेतलं ते परत द्यायचंय.

गावातल्या तिच्या दिवसाचा हिशोब करा. पहाटे अंथरुणावरून म्हणजे जमिनीवरून उठणं. उकिडवं बसून सडा, रांगोळी. चुलीपुढे बसणं, उठणं. दळण घेऊन गिरणीपर्यंत, दूध घालायला डेअरीपर्यंत, देवळापर्यंत. किराणा दुकानात उधारीची बेरीज. कुणाच्या घरी बारसं, कुणाकडे मयत, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं ध्यानात ठेवून वागणं. उठबस दिवसाला पन्नास वेळा होत होती. आता फ्लॅटमध्ये पलंग उंच, सोफा, कमोड, टेबलावर जेवण, ओट्यावर स्वयंपाक, आणि स्वयंपाक सून करते, कारण "आई, तुम्ही बसा." प्रेमाने म्हणते. गॅसवर दूध उतू गेलं त्या दिवसापासून तर ओट्याजवळही फिरकू देत नसतील. सुनेला मी दोष देत नाही, मीही माझ्या सासूबाईंना हेच म्हणत होते. पण मांडीचं काम गेलं, बोटांचं गेलं, हिशोबाचं गेलं, आणि ज्यांच्याशी भांडता येईल अशी माणसं गेली. मग त्या १,२०० पावलं तरी कशाला चालल्या?

इथे माझी एक चूक सांगते. एक निवृत्त एसटी कंडक्टर माझ्याकडे आणले होते, वय ७४, पडण्याची भीती बसलेली, विसरणं सुरू झालेलं आणि डॉक्टरांनी निदानही केलेलं. मी त्यांना व्यवस्थित तक्ता करून दिला: गच्चीवर २० मिनिटं, मग २५, मग ३०. तीन आठवडे केलं आणि सोडलं. "गच्चीवर काय चक्कर मारू, बैल हाय का मी?" असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी घरच्यांना दोष दिला, लक्ष ठेवत नाहीत म्हणून. दोनेक महिन्यांनी मुलगी सांगायला आली की बाबा रोज सकाळी नातवासोबत बसस्टँडवर जातात. घरापासून दीडेक किलोमीटर. तिथे बाकावर बसायचं, निलंगा किती वाजता लागली, उदगीर किती उशिरा सुटली हे वहीत लिहायचं, जुन्या माणसांशी दोन शब्द आणि परत. मला जे तक्त्यात बसवता आलं नाही ते त्यांनी स्वतः बसवलं होतं. ते बरे झाले असं नाही. आजही मला तीनदा विचारतात की तुमचं गाव कोणतं. पण दोन वर्षांत पडले नाहीत, रात्री झोपतात, संध्याकाळी दाराची कडी काढून भटकायला निघायचे ते बंद झालं. घरच्यांच्या दृष्टीने ही कमाई केवढी, ते अशा माणसाला सांभाळलेल्यालाच कळेल.

तर तुमच्या आईंचं काय. मी असते तर घड्याळ काढून ठेवलं असतं आणि पहिल्या दिवशी दोन गोष्टी पाहिल्या असत्या. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. आईंनी हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, तुम्ही शेजारी उभे राहून मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बायकांना दहापेक्षा कमी जमलं तर पाय कमकुवत आहेत असं समजतात. दुसरी गोष्ट गुपचूप बघायची. सोबत चालताना सहज काहीतरी विचारा, "आई, त्या साली तूर किती झाली होती?" उत्तर देण्यासाठी त्या थबकल्या तर लक्षात ठेवा. चालणं आणि विचार करणं हे दोन्ही एका वेळी झेपत नाही, अशी माणसं पुढे जास्त पडतात, हे १९९७ पासून माहीत आहे.

मग सुरुवात खुर्चीपासून. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच वेळा उठबस, लागलं तर हाताने टेकून. आठवड्याला एक-दोन वाढवत न्यायची. गुडघे दुखतात म्हणून बसवून ठेवू नका; मांडी मजबूत झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. तेल चोळायला माझी ना नाही, चोळल्यावर उठवा एवढंच. उकिडवं बसवायचा हट्ट करू नका, त्यांच्या गुडघ्याने ते दिवस पाहिलेत. ओट्याला धरून टाचा उचलणं, धरूनच एका पायावर उभं राहणं, कपडे वाळत घालणं, हेही त्यातच. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगते. तिथपर्यंत पोचायला तीन-चार महिने लागले तरी चालतील. मध्यम म्हणजे बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही, इतपत दम.

चालणं कशाला तरी बांधा. मी असते तर भाजीला बांधलं असतं. रोज दोनच भाज्या, नोट हातात द्यायची, उरलेले पैसे त्यांनीच मोजून आणायचे, आणि पहिले काही आठवडे कुणीतरी दहा पावलं मागून चालायचं. त्या घासाघीस करतील, तुम्हाला लाज वाटेल. वाटू द्या. कोपऱ्यावरच्या माणसाशी दहा रुपयांवरून हुज्जत घालताना तुमच्या कोड्यांच्या अॅपपेक्षा डोक्याला जास्त काम पडतं. दूध उतू जाण्याची भीती असेल तर गॅस तुमच्याकडे ठेवा, पण पीठ मळणं, भाकरी थापणं, लसूण सोलणं, ज्वारी निवडणं त्यांच्याकडे द्या. सावकाश होईल, थोडं सांडेल. सुनेला आधी समजावून सांगा, नाहीतर हे सगळं तिच्या अंगावर येईल.

आणि भजनी मंडळ. श्रद्धेची बाजू मला सांगायची नाही, धंद्याची सांगते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ७५ च्या पुढच्या ४६९ लोकांवरचा अभ्यास २००३ मध्ये आला, त्यात शारीरिक छंदांपैकी फक्त नाच हाच कमी डिमेन्शियाशी जोडलेला निघाला. आपल्या आया नाच म्हटलं की पदर तोंडावर घेतात, पण हरिपाठातली पावली म्हणजे दुसरं काय? पाय तालात, हातात टाळ, तोंडात पाठ असलेलं पद, शेजारणीच्या पावलाशी आपलं पाऊल जुळवायचं, आणि चुकलं तर हसणं. इतकं सगळं एका वेळी मागणारा व्यायाम मला दवाखान्यात उभा करता आलेला नाही. तुमच्या कॉलनीत औसा-निलंग्याकडच्या बायका निघतीलच. त्यांना शोधणं हे तुमचं काम. आईंच्या बोलण्याची ढब ज्यांना परकी वाटत नाही, अशी चार माणसं मिळाली तर मी पावलांचा प्रश्नच सोडून देईन.

जपायचं काय, तेही सांगते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो. त्या दिवसांत बाहेरचं चालणं सकाळी साडेसातच्या आत, नाहीतर घरातल्या घरात. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हाळ्यात चक्कर येते, डॉक्टरांना विचारा, आणि अंथरुणावरून उठताना आधी मिनिटभर बसून मग उभं राहू द्या. अंगठ्यावर लटकणारी स्लिपर टाकून मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा. भटकी कुत्री असतील तर हातात काठी. "मी काय म्हातारी झाले का" म्हणतील, तेव्हा काठी कुत्र्यासाठी आहे असं सांगायचं. छातीत दुखणं, एकाएकी दम लागणं, बोलणं अडखळणं असं काही झालं तर व्यायाम थांबवून सरळ दवाखाना.

तीन महिने करून पाहा. तेवढ्यात विसरणं कमी झालं नाही म्हणून सोडू नका. आधी झोप, भूक आणि चिडचिड बदलते, आणि कित्येकदा तेवढंच बदलतं. वाढतच गेलं तर परत डॉक्टरांकडे. आणि इथे परत लिहाल तेव्हा पावलं लिहू नका. खुर्चीवरून किती वेळा उठल्या ते लिहा, आणि मेथीची जुडी केवढ्याला आणली तेही.